देवाचा पलंग

आषाढीच्या आधी पंढरपुराहून एक बातमी येते : ‘देवाचा पलंग निघाला.’ ऐकणाऱ्याला वाटते, पलंग दुरुस्तीला गेला असेल! तसे नव्हे. या तीन शब्दांत मोठा अर्थ आहे, तो आज पाहू.

मानाचा पलंग जगात पुष्कळ ठिकाणी आढळतो. इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात हौटन हॉल म्हणून पंतप्रधान वॉलपोल याचा वाडा आहे. तेथे हिरव्या मखमलीचा, उशाशी भल्यामोठ्या शिंपल्याचा आकार असलेला पलंग १७३२ साली तयार झाला. नुसत्या जरीच्या गोटकिनारीलाच १,२१९ पौंड लागले! असे पलंग रोजच्या झोपेसाठी नसत. राजा किंवा तोलामोलाचा पाहुणा यावा आणि यजमानाची ऐपत दिसावी, यासाठी ते मांडलेले असत.

विठोबाचा पलंग मात्र नेमाने वापरातला. रात्री शेजारती झाली की देव शेजघरात निजले असे मानायचे, पहाटे काकड आरतीने त्यांना उठवायचे. पण आषाढी-कार्तिकीला लाखो माणसे येतात. आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या मुक्ताईनगरहून मुक्ताबाईंची पालखी निघते, ती महिन्याहून अधिक काळ वाट चालते. इतक्या दुरून आलेल्या माणसाला ‘देव झोपलेत, सकाळी या’ असे कसे म्हणावे? म्हणून चांगला दिवस पाहून पलंगच बाहेर काढतात. शेजारती बंद, काकडा बंद. देव रात्रंदिवस उभा. पाठीला टेकायला विठ्ठलाला लोड आणि रुक्मिणीमातेला तक्क्या, एवढीच काय ती विश्रांती.

आणि तरीही, देव जागा असताना दार सगळ्यांना उघडे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. अस्पृश्य मानलेला वारकरी चोखोबांच्या समाधीशीच थांबे. अमळनेरच्या शाळेत शिकवलेले आपले साने गुरुजी १ मे १९४७ रोजी त्यासाठी पंढरपुरात उपोषणाला बसले. ते त्याच महिन्यात सुटले, आणि त्याच वर्षी ते दार उघडले. मला तर पलंग खऱ्या अर्थाने तेव्हाच निघाला असे वाटते.

यात्रा पांगली की प्रक्षाळपूजा होते. देवाच्या पायांना लिंबू-साखर चोळतात, ऊन पाण्याने स्नान घालतात. रात्री शिणवटा जावा म्हणून काढ्याचा नैवेद्य दाखवतात. मग पलंग पुन्हा शेजघरात येतो.