रडल्यावर मन हलकं कधी होतं?

पैठणला जायकवाडी धरणाचे दरवाजे उघडले, की शहागडच्या पुलाखाली गोदावरी फुगते आणि वर नाथसागर जलाशयाची पातळी उतरते. शोकनाट्य पाहून रडणाऱ्याच्या मनाचाही आपण असाच हिशेब मांडतो: साचलेलं वाहून गेलं, मन रितं झालं. सुमारे २३०० वर्षांपूर्वी ॲरिस्टॉटलने शोकांतिकेच्या या परिणामाला ‘कॅथार्सिस’ म्हटलं. मराठीत त्याचं ‘विरेचन’ झालं. भरताच्या नाट्यशास्त्रात मात्र शोक वाहून जात नाही, त्याचा करुण रस होतो.

प्रयोगांतूनही धरणाचं हे चित्र अपुरं ठरतं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात ६० जणांना करुण चित्रपट दाखवले. २८ जण रडले. चित्रपट संपताच या रडलेल्यांची मनःस्थिती आधीपेक्षा बिघडलेली होती. वीस मिनिटांत ती सावरली आणि दीड तासाने चित्रपटापूर्वीपेक्षाही बरी झाली. म्हणजे हलकेपणा अश्रूंबरोबर लगेच येत नाही. मन खाली जाऊन सावरतं, त्या सावरण्यात तो असतो.

ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या गटाने २०१६ मध्ये दुसरी बाजू तपासली. एका बेघर माणसाची शोकांतिका सांगणारा चित्रपट १६९ जणांना गटागटाने दाखवला. इतर ६८ जणांना माहितीपट. आधी आणि नंतर प्रत्येकाने भिंतीला पाठ टेकून, गुडघे वाकवून, खुर्चीविना बसायचं, मांड्या भरून येईपर्यंत. शोकांतिका पाहिलेल्यांची वेदना सोसण्याची शक्ती सरासरी १३ टक्क्यांनी वाढली, शेजारच्या अनोळखी माणसांविषयीची आपुलकीही वाढली. माहितीपटवाल्यांत असं घडलं नाही. मेंदूतली वेदनाशामक एन्डॉर्फिन्स यामागे असावीत, असा संशोधकांचा तर्क आहे. ती थेट मोजलेली नव्हती आणि परिणामही प्रत्येकावर सारखा नव्हता.

गोदाकाठच्या गावांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. सप्ताहात हरिश्चंद्राचं आख्यान लागतं, राणी तारामती मृत मुलाला, रोहिदासाला, घेऊन स्मशानात येते आणि मांडवात पदर डोळ्यांना लागतात. दुःख राणीचं असतं, हुंदका आपला, आणि शेजारीही कुणी डोळे पुसत असतं. मग सगळे बोलत बोलत घरी निघतात. मला वाटतं, करुण कथेचा उपचार त्या वाटेवरच पुरा होतो. म्हणून शोकांतिका पाहून उठलात, तर लगेच मोबाइल उघडू नका. सोबत आलेल्यांबरोबर थोडं चाला.