पिस्टनला मागे कोण ओढतं?

जुनी मारुती 800 पुन्हा रस्त्यावर आणण्याचा ध्यास घेतलेल्यांचे हात कधी ना कधी पुढच्या चाकामागच्या जाम कॅलिपरपाशी पोचतातच. नवा कॅलिपर बसवण्याआधी तो हातात घेऊन नीट बघा. पेडल दाबलं की पिस्टन बाहेर येतो आणि पॅड डिस्कवर दाबतो, हे लगेच कळतं. पण पाय उचलल्यावर पिस्टनला मागे कोण ओढतं? मागच्या ड्रममध्ये त्या कामाला स्प्रिंग असते. इथे तशी स्प्रिंग शोधूनही सापडत नाही.

ते काम करतं एक रबरी कडं. काटछेद चौकोनी, बसायची जागा सिलिंडरच्या आतली खाच. वरवर पाहता त्याचं काम ऑइल अडवण्याचं. पण पिस्टन पुढे सरकतो तेव्हा हे कडं त्याला धरून ठेवतं आणि त्याच्याबरोबर किंचित कलतं. दाब गेला की ते मूळ आकारात येतं आणि येताना पिस्टनला मिलिमीटरच्या अंशाइतकं मागे खेचतं. तेवढ्यानं पॅड सुटतो. पुढची गोष्ट तर मला दरवेळी थक्क करते. पॅड झिजला की पिस्टनला जास्त पुढे यावं लागतं. तेव्हा रबराची कलण्याची मर्यादा संपते, पिस्टन त्यातून जरासा घसरतो आणि कडं त्याला नव्या जागी पकडतं. पॅडची झीज अशी आपोआप भरून निघते. एवढ्याशा रबराकडे तीन कामं!

पिस्टन एकच, तोही आतल्या बाजूला. तो आतला पॅड दाबतो तेव्हा प्रतिक्रियेनं अख्खा कॅलिपर उलट दिशेला सरकतो आणि बाहेरचा पॅड डिस्कवर ओढून आणतो. तो सरकतो दोन पिनांवर. त्यांना रबराला चालणारं सिलिकोन ग्रीसच लावायचं, कारण साध्या ग्रीसनं रबर फुगतं.

आता पाइप. माणसांसकट 900 किलोची गाडी ताशी 80 किलोमीटरवरून थांबते तेव्हा साधारण 220 किलोज्यूल ऊर्जेची उष्णता होते. तेवढ्या उष्णतेनं एक लिटर पाणी 50 अंशांहून जास्त तापेल. त्यासाठी लागणारा जोर पायापासून चाकापर्यंत पोचवतो तो पेन्सिलीहूनही बारीक पाइपातला द्रव. सतराव्या शतकात पास्कलनं सांगितलं, की बंद द्रवावरचा दाब सगळीकडे सारखाच पोचतो. म्हणून पेडलकडच्या 19 मिलिमीटर व्यासाच्या मास्टर सिलिंडरमधला जोर 48 मिलिमीटरच्या पिस्टनवर सहापटीहून जास्त होतो. जोरात ब्रेक मारला की पाइपात टायरमधल्या हवेच्या तीसपट किंवा त्याहून जास्त दाब येतो. म्हणूनच पाइपाचं टोक नुसतं पसरवत नाहीत, दुमडून दुहेरी करतात. इथे साधी तांब्याची नळी वापरू नये, ती कंपनांनी थकून तडकते. पोलादी किंवा तांबं-निकेलच्या मिश्रधातूची घ्यावी. कॅलिपरला होज जोडणाऱ्या पोकळ बोल्टखालचे तांब्याचे वॉशर दरवेळी नवे घालावेत. मऊ तांबं दबून फट बुजवतं, पण एकदा दबलेल्या वॉशरचा भरवसा धरू नये.

ही सारी किमया द्रव दबत नाही, यावर उभी आहे. हवा मात्र दबते. बुडबुडे राहिले तर पेडल स्पंजासारखं लागतं. आणि ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट 3 ऑइल कोरडं असताना किमान 205 अंशांना उकळतं, तर पुरेसं ओलं झाल्यावर ही हमी 140 अंशांपर्यंत उतरते. कोकणातले पावसाळे काढलेली गाडी आंबा घाट उतरताना ब्रेक तापवते, तेव्हा हा फरक जीवघेणा ठरू शकतो. ऑइलची वाफ झाली की पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. म्हणून नव्या कॅलिपरबरोबर ताजं, सीलबंद डब्यातलं ऑइल घ्यावं. ते बॉडीवर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवावं, नाहीतर रंग निघतो.

एअर काढायला दोघं लागतात. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं कॅलिपरवरचं ब्लीडर निप्पल सैल करून पुन्हा आवळायचं, आणि मगच पहिल्यानं पाय उचलायचा. हे निप्पल वरच्या टोकाला आहे ना, हे आधी बघा. डावा कॅलिपर उजवीकडे लागला तर ते खाली येतं, वरची हवा आत अडकते आणि कितीही ऑइल ओतलं तरी निघत नाही.

शेवटची गोष्ट विसरू नका. नव्या कॅलिपरचा पिस्टन पूर्ण आत असतो, त्यामुळे पहिल्यांदा पेडल थेट तळाला जातं. गाडी जागेवरून हलवण्याआधी ते कडक होईपर्यंत मारा, मिनिटभर दाबून धरा, प्रत्येक जोड बघा, आणि जाणत्या मेकॅनिककडून एकदा तपासून घ्या.