पोहण्याच्या तलावालाही झाकण हवं

डिसेंबर लागला की पुण्यातल्या आमच्या सोसायटीचा स्विमिंग पूल ओस पडतो. मुलं पाण्यात पाय बुडवून बघतात आणि ओरडत मागे पळतात. सत्तरी ओलांडलेले शेजारचे काका मात्र काठावर उभे राहून पाण्याकडे नुसतेच बघतात. त्यांच्या गुडघ्यांची झीज झाली आहे. डॉक्टरांनी कमरेएवढ्या पाण्यात रोज अर्धा तास चालायला सांगितलंय, कारण तेवढ्या पाण्यात शरीराचा जवळपास निम्मा भार पाणीच पेलतं. दिवाळीपर्यंत हा व्यायाम नेमाने चालतो. मग पाणी गार पडतं, तीन महिन्यांचा खंड पडतो आणि मार्चमध्ये गुडघ्यांची गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनावर.

गेल्या वर्षी सोसायटीच्या बैठकीत हा विषय निघाला. एक गट हीट पंप बसवा म्हणत होता. दुसऱ्या गटाने सोलर कव्हर सुचवलं, म्हणजे पाण्यावर तरंगणारी, खालच्या बाजूला हवेचे फुगे असलेली प्लास्टिकची चादर. त्यावर कुणीतरी विचारलं, ‘‘प्लास्टिकच्या कागदाने एवढं पाणी तापणार कसं?’’

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर आपल्या स्वयंपाकघरातल्या माठात आहे.

तलाव म्हणजे मोठा माठ

माठातलं पाणी गार का होतं, हे आपण शाळेत शिकलो. माठाच्या छिद्रांतून पाझरलेलं पाणी हवेत उडून जातं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. स्विमिंग पूल हा असाच एक अवाढव्य माठ आहे, फक्त त्याचं सगळं तोंडच उघडं. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार उघड्यावरचा तलाव जी उष्णता गमावतो, तिचा सुमारे ७० टक्के भाग बाष्पीभवनातून जातो.

एक साधा हिशेब करून बघू. समजा तलाव १५ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल आहे. म्हणजे पृष्ठभाग ९० चौरस मीटर आणि पाणी एक लाख आठ हजार लिटर. दख्खनच्या पठारावरच्या कोरड्या हिवाळी हवेत रोज पाच मिलिमीटर पाणी उडालं, तर ते होतं ४५० लिटर. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४५० किलोज्यूल उष्णता लागते. तेवढीच उष्णता काढून घेतली तर ५८५ लिटर पाणी एका अंशाने गार होतं. ४५० ला ५८५ ने गुणा आणि तलावातल्या एकूण लिटरने भागा. उत्तर येतं सुमारे २.४ अंश सेल्सियस. म्हणजे एका दिवसात केवळ बाष्पीभवनामुळे पाणी जवळजवळ अडीच अंशांनी गार होऊ शकतं. विजेच्या भाषेत सांगायचं तर ही ३०० युनिटांहून अधिक उष्णता झाली. रोजची!

लक्षात ठेवायला सोपं सूत्र असं : एवढ्या खोलीच्या तलावात पातळी एक मिलिमीटर उतरली, की अर्धा अंश गेला.

दुसऱ्या बाजूला कमाईही आहे. हिवाळ्यातल्या निरभ्र दिवशी ऊन याच पाण्याला दोन ते तीन अंश तापवण्याइतकी उष्णता देतं. मग पाणी तापत का नाही? कारण सूर्याने दिलेलं बाष्पीभवन, वारा आणि रात्रीचं मोकळं आभाळ मिळून परत नेतात. पगार बरा आहे, पण खिसा फाटका आहे. सोलर कव्हर पगार वाढवत नाही, ते खिसा शिवतं.

किती फरक पडतो?

कव्हर पाण्याला चिकटून तरंगतं, त्यामुळे वाफेला बाहेर जायला वाटच राहत नाही. चुलीवरच्या पातेल्यावर झाकण ठेवण्यासारखंच हे. खालच्या फुग्यांमधली हवा थोडं गोधडीचंही काम करते, पण मुख्य काम झाकणाचंच. जिथे तलाव हीटरने किंवा हीट पंपाने तापवला जातो, तिथे कव्हरमुळे तापवण्याचा खर्च ५० ते ७० टक्क्यांनी कमी होऊ शकतो, असं अमेरिकेचा ऊर्जा विभाग सांगतो. वरून भराव्या लागणाऱ्या पाण्यात ३० ते ५० टक्के बचत होते, ती वेगळी.

आपल्याकडे ही पाण्याची बचत उष्णतेइतकीच मोलाची आहे. रोजचे ४५० लिटर म्हणजे महिन्याला साडेतेरा हजार लिटर. ज्या सोसायट्या टँकरवर जगतात, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. आणि एप्रिल-मे महिन्यांत बाष्पीभवन याच्या दुप्पट सहज होतं.

म्हणून आमच्या बैठकीतल्या वादाचं उत्तर ‘हीट पंप की कव्हर’ असं नव्हतंच. कव्हर आधी, हीट पंपाचा विचार नंतर. झाकण नसलेल्या पातेल्याखाली गॅस मोठा करण्यात शहाणपण नाही.

पारदर्शक, निळं की काळं?

इथे बहुतेकांची फसगत होते. काळा रंग उष्णता शोषतो, म्हणून काळं कव्हर उत्तम, असं आपल्याला वाटतं. गच्चीवरच्या काळ्या टाकीचा अनुभव असतो ना! पण काळं कव्हर ऊन स्वतः शोषतं आणि स्वतः तापतं. त्यातली काही उष्णता वरच्या पातळ थराला मिळते, काही वाऱ्याबरोबर हवेत जाते. पारदर्शक कव्हर बहुतांश ऊन आरपार जाऊ देतं. ते ऊन पाण्यात खोलवर आणि तळाच्या फरशीपर्यंत पोचतं, तिथेच शोषलं जातं आणि पाणी आतून तापतं. म्हणून दिवसा ऊन मिळवायचं असेल तर पारदर्शक कव्हर सरस. फिकट निळं त्याच्या खालोखाल. गडद आणि अपारदर्शक कव्हरचा फायदा निराळा आहे : उजेड अडल्यामुळे शेवाळ कमी वाढतं.

पण रंग निवडण्याआधी एक प्रश्न विचारा : कव्हर तलावावर असणार कधी? बंगल्यातला खासगी तलाव दिवसभर झाकून ठेवता येतो, तिथे पारदर्शक घ्या. सोसायटीच्या तलावात सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुणी ना कुणी पोहत असेल, तर कव्हर फक्त रात्री पडणार. सूर्यच नसेल तर रंगाला काय अर्थ? अशा ठिकाणी टिकाऊपणा बघा, किंवा फुग्यांऐवजी फोमचा थर असलेलं जाड आच्छादन बघा. ते महाग असतं, पण रात्रीची थंडी जास्त चांगली अडवतं.

जाडी, माप आणि रोलर

बाजारात साधारण २०० ते ५०० मायक्रॉन जाडीची कव्हर मिळतात. जाड कव्हर जास्त ऊब देतं असा समज आहे. उबेत थोडाफार फरक पडतो, पण जाडीचा खरा संबंध आयुष्याशी आहे. ऊन आणि क्लोरीन मिळून प्लास्टिक ठिसूळ करतात, फुगे फुटतात आणि त्याचे कपटे गाळणीत अडकतात. म्हणून अतिनील किरणांना टिकणारं पॉलिथिलिन आहे का आणि वॉरंटी किती वर्षांची आहे, हे आधी विचारा.

जाड कव्हर जडही असतं. आपल्या ९० चौरस मीटरच्या तलावासाठी ४०० मायक्रॉनचं कव्हर सुमारे ३३ किलोंचं होईल आणि ओलं झाल्यावर आणखी जड. ते रोज कोण उचलणार, याचा विचार खरेदीआधीच करायला हवा. काठावरचा रोलर हा चैनीचा भाग नाही. रोलर नसेल तर आठवड्याभरात कव्हर कोपऱ्यात पडून राहतं. एकसंध कव्हर जड वाटत असेल तर दोन-तीन पट्ट्यांत करून घ्या.

मापाबाबत एवढंच : कव्हर काठावर चढता कामा नये, भिंतीपासून भिंतीपर्यंत पाण्यावर सपाट तरंगायला हवं. फुग्यांची बाजू खाली. नवं कव्हर आधी दोन-तीन दिवस पाण्यावर पसरून घड्या मोडू द्या आणि मगच कडा कापा. काढून ठेवलेलं कव्हर उन्हात गुंडाळून ठेवू नका. घड्यांमध्ये उष्णता कोंडते आणि फुगे एकमेकांना चिकटतात. वर पांढरी चादर टाकली तरी पुरे.

चादर नको, पाण्यात थेंब टाकण्याचं ‘द्रव कव्हर’ चालेल का, असंही काही जण विचारतात. मेणासारख्या अल्कोहोलचा रेणूभर जाडीचा थर पाण्यावर पसरवून बाष्पीभवन रोखण्याची ही कल्पना जुनी आहे. धरणांमधलं पाणी वाचवण्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही या थरांवर संशोधन झालं होतं. हा थर दिसत नाही, उचलावा लागत नाही. मात्र वाऱ्याने तो फाटतो आणि एका बाजूला लोटला जातो, आणि त्याचा परिणाम चादरीपेक्षा बराच कमी असतो. ज्या तलावाचा आकार वेडावाकडा आहे किंवा कव्हर ओढायला माणूस नाही, तिथे त्याचा विचार करावा.

हे कव्हर म्हणजे कुंपण नव्हे

आता सगळ्यांत महत्त्वाचं. फुग्यांचं कव्हर पाण्यावर पसरलेलं असतं तेव्हा ते एखाद्या निळ्या सतरंजीसारखं दिसतं. लहान मुलाला ते जमिनीसारखं वाटू शकतं. चेंडू घ्यायला त्याने त्यावर पाय ठेवला तर कव्हर खाली दबतं, मूल आत जातं आणि वरची चादर पुन्हा मिटते. काठावरून बघणाऱ्याला पाण्यात कुणी आहे हेही कळत नाही. मोठा माणूसही अशा कव्हरखाली अडकला तर गोंधळतो.

म्हणून तीन नियम भिंतीवर लिहून ठेवावेत. कव्हर अर्धवट काढून कुणीही पाण्यात उतरायचं नाही, ते पूर्ण काढल्याशिवाय तलाव बंदच. तलावाला कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक हवंच, कव्हर आहे म्हणून त्यात सवलत नाही. आणि मुलं आसपास असताना मोठ्यांपैकी एकाची नजर सतत तलावावर हवी.

आरोग्याचे आणखी दोन मुद्दे. झाकलेल्या पाण्यात क्लोरीन कमी उडतं, त्यामुळे रसायनं कमी लागतात. पण घाम आणि क्लोरीन यांच्या संयोगातून बनणारे, डोळे चुरचुरवणारे वायूही कव्हरखाली साठतात. पोहण्याआधी थोडा वेळ कव्हर काढून पाणी मोकळं ठेवावं. जास्त क्लोरीन टाकण्याच्या दिवशी कव्हर घालूच नये. दुसरा मुद्दा डासांचा. कव्हरवर साठलेलं पावसाचं स्वच्छ पाणी म्हणजे डेंगीच्या डासाला आयतं घर. ते लगेच काढून टाका.

कुणी घेऊ नये

मुंबई, कोकण किंवा गोव्यातल्या तलावाला ऊब देण्यासाठी कव्हरची गरज फारशी पडत नाही. आणि उन्हाळ्यात कुठेही दिवसा पारदर्शक कव्हर घातलं, तर पाणी कोमटाच्या पलीकडे जातं, क्लोरीन लवकर संपतं, शेवाळ वाढतं. स्पर्धात्मक पोहण्यासाठी २५ ते २८ अंशांचं पाणी योग्य मानतात. पाणी त्याहून गरम व्हायला लागलं की दिवसा कव्हर काढून ठेवा.

खरेदीआधी एक प्रयोग जरूर करा. बादलीत तलावाचं पाणी भरा, ती तलावाच्या पायरीवर पाण्यात ठेवा आणि बादलीतली व तलावातली पातळी खुणेने नोंदवा. चोवीस तासांनी दोन्हीकडे सारखीच घट असेल, तर पाणी हवेत जातंय, कव्हर उपयोगी पडेल. तलावातली घट जास्त असेल, तर गळती आहे. मग आधी प्लंबर, नंतर कव्हर.

आमच्या सोसायटीने शेवटी कव्हर आणि रोलर घेतला. दुपारी बारा ते चार पोहणं बंद ठेवून त्या वेळेत आणि रात्रभर तलाव झाकायचा असं ठरलं. पाणी काही उपचारकेंद्रातल्या तलावासारखं तेहतीस अंशांना गेलं नाही, जाणारही नव्हतं. पण तीन अंशांचा फरक पडला. काकांनीही आपली वेळ बदलली. पहाटेचं पाणी सगळ्यांत गार असतं आणि गार पाण्यात एकदम उतरलं की धाप लागते, रक्तदाब चढतो, म्हणून हृदयविकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच जावं. काका आता दुपारी चारला कव्हर निघालं की पाण्यात उतरतात, पायरी-पायरीने, कठड्याला धरून.

यंदाच्या जानेवारीत त्यांचा खंड पडला नाही.