कवटी न उघडता मेंदूवर उपचार

थरथरणारा हात ध्वनिलहरींनी शांत करता येतो. पण या लहरींच्या वाटेत उभी असते रुग्णाची स्वतःची कवटी. तिची समजूत कशी घातली जाते, त्याची ही हकिकत.

घरात बाळ आले की आजीचे लक्ष असते त्याच्या टाळूकडे. कोमट तेलाचा बोळा टाळूवर ठेवायचा, बाळाला उचलताना डोके जपायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावायचे, "अजून टाळू भरली नाही हो, सांभाळून घ्या." हात लावला तर मऊ लागणारी, आत ठोका जाणवणारी ही जागा म्हणजे कवटीच्या हाडांमधली मोकळी फट. आजीला ती नाजूक वाटते. नवजात बाळांच्या डॉक्टरांना मात्र ती खिडकी वाटते. वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या मेंदूत रक्तस्राव तर झाला नाही ना, हे पाहण्यासाठी ते याच टाळूवर सोनोग्राफीचे यंत्र टेकवतात आणि मेंदू पडद्यावर दिसू लागतो.

साधारण दीड ते दोन वर्षांत टाळू भरते आणि ही खिडकी बंद होते. म्हणूनच मोठ्या माणसाच्या पोटाची सोनोग्राफी होते, पण मेंदू पाहायचा तर सीटी स्कॅन किंवा एमआरआय करावा लागतो. मेंदूचे रक्षण करणारी कवटी ध्वनीलाही सहजासहजी आत जाऊ देत नाही.

चहाचा कप आणि बँकेतली सही

हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांचा नाही. 'इसेन्शियल ट्रेमर' या विकारात माणूस काही करायला गेला की हात थरथरतो. चहा कपात कमी आणि बशीत जास्त जातो. बँकेत सही जुळत नाही. चारचौघांत हसे होईल म्हणून अशी माणसे लग्नाच्या पंगतीत बसायचेही टाळतात. गोळ्यांनी अनेकांना आराम पडतो, पण सर्वांना नाही. मग उरतो शस्त्रक्रियेचा मार्ग. कवटीला छिद्र पाडून मेंदूत बारीक तार बसवायची आणि तिच्यातून विजेचे सौम्य झटके द्यायचे. उपाय गुणकारी आहे, पण कवटीला छिद्र पाडायचे म्हटले की घरातल्यांचा धीर सुटतो.

येथेच ध्वनिलहरी उपयोगी पडतात. भिंगाने सूर्यकिरण एकत्र करून कागद जाळण्याचा खेळ आपण सर्वांनीच लहानपणी केला आहे. त्याच तत्त्वावर माणसाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीच्या शेकडो लहरी मेंदूतील एका बिंदूवर आणायच्या. एकेकटी लहर वाटेतल्या पेशींना धक्का न लावता जाते. सगळ्या जेथे एकत्र येतात, तेथे मात्र उष्णता निर्माण होऊन थरथर घडवणाऱ्या काही मिलिमीटर भागाचे काम थांबते.

कवटीने केलेली फसवणूक

कल्पना जुनी आहे. १९४२ मध्ये ऑस्ट्रियातील डॉक्टर कार्ल डुसिक यांनी डोक्याच्या आरपार ध्वनिलहरी सोडून मेंदूतील पोकळ्यांची चित्रे मिळवल्याचे जाहीर केले. सोनोग्राफीच्या इतिहासातील तो एक आरंभ मानला जातो. पण दहा वर्षांनी इतर संशोधकांनी दाखवून दिले, की ती चित्रे मेंदूची नव्हतीच. कवटीच्या कमीजास्त जाडीमुळे पडलेल्या त्या सावल्या होत्या!

१९५० च्या दशकात अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात विल्यम आणि फ्रान्सिस फ्राय या बंधूंनी ध्वनिलहरी एकवटून मेंदूवर उपचार करण्याचे यंत्र तयार केले. आयोवातील शल्यचिकित्सक रसेल मायर्स यांच्यासह त्यांनी पार्किन्सनच्या रुग्णांवर उपचारही केले. परंतु त्यासाठी आधी कवटीचा तुकडा काढून लहरींना वाट करून द्यावी लागे. मग चाकू टळला असे कसे म्हणायचे?

कवटीच्या तीन अडचणी

कवटी नेमके काय करते? पहिली गोष्ट, ती बऱ्याच लहरी परत फिरवते. दुसरी, आत शिरलेल्या लहरींतील बरीच शक्ती ती स्वतःच शोषून घेते आणि तापते. मेंदूतला बिंदू तापवायला जावे तर हाड आणि त्यावरची त्वचाच भाजायची.

तिसरी अडचण सर्वांत चिवट. मऊ पेशींतून ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने जातो, तर हाडातून त्याच्या जवळजवळ दुप्पट वेगाने. त्यातून कवटी काही सगळीकडे सारखी नसते. कोठे जाड, कोठे पातळ. बाहेरचा आणि आतला थर घट्ट, तर मधला अनारशासारखा जाळीदार. त्यामुळे कोणती लहर लवकर पोचते, कोणती उशिरा. लेझीमच्या पथकात प्रत्येकाचा ठेका वेगळा पडला तर जसा नुसता गोंगाट होतो, तसेच येथे होते. या उपचारात लहरी सेकंदाला सुमारे साडेसहा लाख कंपने करतात. अशा वेळी कवटीच्या जाडीत दोन मिलिमीटरचा फरक असला तरी एक लहर दुसरीपेक्षा जवळजवळ अर्ध्या कंपनाने पुढे जाते. म्हणजे एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात पडून दोघींचा जोर जिरतो.

हजार तुकड्यांचा ताल

१९९० च्या दशकात बोस्टनमध्ये कुलेर्वो हायनिनेन आणि फेरेन्स योलेस, तर पॅरिसमध्ये मथियास फिंक यांच्या गटांनी यावर मार्ग शोधला. कवटी बदलता येत नसेल तर लहरी बदलायच्या. आजच्या यंत्रात डोक्यावर शिरस्त्राणासारखे अर्धगोल भांडे बसते आणि त्यात ध्वनी निर्माण करणारे १,०२४ छोटे तुकडे असतात. आधी रुग्णाच्या डोक्याचा सीटी स्कॅन काढतात. त्यावरून प्रत्येक तुकड्यासमोरचे हाड किती जाड आणि किती घट्ट, हे संगणक मोजतो. ज्याची लहर उशिरा पोचणार त्याला आधी सोडायचे, लवकर पोचणारीला थोडे थांबवायचे. मग सगळ्या एकाच ठेक्यात नेमक्या जागी पोचतात. शक्ती पूर्ण डोक्यावर विभागल्यामुळे हाडाचा कोणताही एक भाग फारसा तापत नाही. शिवाय डोक्याभोवती थंड पाणी खेळवलेले असते.

उपचाराआधी डोक्याचे सर्व केस काढावे लागतात. सोनोग्राफीच्या वेळी पोटावर जेल लावतात ते मधली हवा घालवण्यासाठी. येथेही तेच कारण. केसांत अडकलेली हवा लहरींना अडवते.

रुग्ण एमआरआय यंत्रात जागाच असतो. प्रथम तो बिंदू थोडाच तापवून पाहतात. थरथर कमी झाली आणि दुसरा काही त्रास नाही याची खात्री पटली, की तापमान ५५ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत नेतात. मधूनमधून रुग्णाला कागदावर चक्री काढायला सांगतात. सकाळी वेडीवाकडी निघालेली चक्री काही तासांत गोल येऊ लागते.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, व्हर्जिनिया विद्यापीठाचे डॉ. जेफ्री इलायस यांच्या नेतृत्वाखालील अभ्यासात ७६ रुग्ण होते. खरा उपचार झालेल्या ५६ जणांच्या हाताची थरथर तीन महिन्यांनी सरासरी ४७ टक्क्यांनी कमी झाली. लटका उपचार झालेल्या २० जणांत फरक नव्हता. त्याच वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या उपचाराला मान्यता दिली.

कोणाला चालतो, कोणाला नाही

तरीही कवटीचा शब्द अखेरचा ठरतो. मधल्या जाळीदार थराची घनता बाहेरच्या घट्ट थरांच्या किती प्रमाणात आहे, हे डॉक्टर स्कॅनवरून काढतात. हे प्रमाण १ च्या जवळ असेल तर लहरी सहज जातात. ०.४० च्या खाली असेल तर त्या जाळीत विखुरतात आणि बिंदू पुरेसा तापत नाही. आशेने आलेल्या काही रुग्णांना म्हणूनच 'तुमची कवटी अनुकूल नाही' असे ऐकावे लागते. यात त्यांचा काही दोष नसतो की तो आजारही नसतो. चेहऱ्याची ठेवण वेगळी तशी हाडाचीही. अशांना मेंदूत तार बसवण्याचा पर्याय राहतोच.

दुसरीही बाजू लक्षात ठेवावी. वरील अभ्यासात ३६ टक्के रुग्णांना चालताना तोल जाण्याचा आणि ३८ टक्क्यांना बधिरपणाचा किंवा मुंग्यांचा त्रास झाला. अनेकांचा तो पुढे गेला, पण वर्षानंतरही अनुक्रमे ९ आणि १४ टक्क्यांत तो उरला होता. मेंदूत केलेला बदल परत फिरवता येत नाही. त्यामुळे सहसा एकाच बाजूवर उपचार करतात. काही काळाने दुसऱ्या बाजूवर करण्यास अमेरिकेत २०२२ मध्ये परवानगी मिळाली.

शिवाय हात थरथरण्याची कारणे अनेक असतात. थायरॉइडचा विकार, एखादे औषध किंवा पार्किन्सनही त्यामागे असू शकते. तेव्हा घरात कोणाचा हात थरथरत असेल तर 'वयामुळे होते' म्हणून सोडून देऊ नका. मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा, आधी निदान होऊ द्या. आणि त्या दिवसापर्यंत त्यांना पंगतीत आपल्या शेजारी बसवा, कप अर्धाच भरून द्या. या कामी कवटी आडवी येत नाही.