पिकअपच्या ब्रेकची चकती : तिची निगा आणि बदल

आपल्या शिरूर व दौंड या दोन तालुक्यांत कालव्याचे पाणी फिरल्यापासून शेतमालाची ने-आण ज्या मानाने वाढली, त्या मानाने वाहनाची निगा राखण्याचे ज्ञान वाढले, असे म्हणवत नाही. घोडनदीच्या बाजारास बैलगाडी जुंपून जाण्याचे दिवस केव्हाच सरले. आता कांदा, उसाचे बेणे, केडगावकडील गूळ, दूध, कोंबडखत, सारे काही पिकअपमधून जाते. बैल थकला म्हणजे तो आपण होऊन सांगतो; मान टाकतो, चारा सोडतो. पिकअपचा ब्रेक थकल्याचेही काही संकेत असतात, परंतु ते ओळखण्याची सवय आपणांस लागलेली नाही. प्रस्तुत लेखात गाडीच्या पुढील चाकांतील चकती, जिला गॅरेजमध्ये डिस्क म्हणतात, तिच्याविषयीच लिहावयाचे योजिले आहे. कारण पॅड झिजतात हे सर्वांस ठाऊक असते, चकतीही झिजते हे मात्र बहुतेकांच्या ध्यानी नसते.

याचे एक कारण आपल्या मुलखाच्या ठेवणीत आहे. शिरूरहून न्हावरे, केडगाव, चौफुला, पाटस असा फेरफटका केला तर बहुतेक रस्ता सपाटच लागतो. आठवडेच्या आठवडे ब्रेकवर जोराने पाय देण्याचा प्रसंग येत नाही, आणि अर्धा झिजलेला ब्रेकही येथे चालून जातो. परंतु तोच माल वाशीच्या बाजारास न्यावयाचा झाला म्हणजे बोरघाट उतरणे आले. कल्याणकडे जाणारा आळेफाट्यावरून माळशेज घाटात शिरतो. सहा महिने सपाटीवर लपून राहिलेली झीज तेथे उतारावर उघडी पडते, आणि तीही गाडीत दीड टन माल व शेजारी घरचे माणूस बसलेले असताना.

ब्रेकचे काम म्हणजे गतीची उष्णता करून ती हवेत सोडून देणे, याहून निराळे काही नाही. मालासह तीन टन भरणारी गाडी ताशी ६० किलोमीटर वेगावरून एकदा थांबविली, तर सव्वा लिटर पाणी उकळीस येईल एवढी उष्णता उत्पन्न होते. वेग ८० असेल तर तीच उष्णता सव्वादोन लिटरांस पुरेल. वेग तिसऱ्या हिश्श्याने वाढला, उष्णता मात्र पाऊणपटीहून अधिक वाढली. आता तीच गाडी ५०० मीटर उंचीचा घाट केवळ ब्रेकच्या आधारे उतरली असे धरा. चाळीस लिटरांचा दुधाचा कॅन पाण्याने भरून उकळावा, इतकी उष्णता ब्रेकांत ओतली जाते. थांबताना गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून तिचा मोठा वाटा पुढच्या दोन चकत्यांवर पडतो.

ही चकती बिडाची असते. आपल्या घरांत बिडाचा तवा असतो, त्यावरून तिचा स्वभाव समजावा. जाड तवा सावकाश तापतो आणि भाकरी सारखी भाजतो. झिजून पातळ झालेला तवा पाहता पाहता लाल होतो व भाकरी करपते. पातळ झालेली चकती तशीच लवकर तापते, पॅडची पकड सुटू लागते आणि शेजारचे ब्रेक ऑइल उकळते. उकळलेल्या तेलात वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडा दाबला जातो पण चाक दाबले जात नाही, आणि पेडल थेट जमिनीस टेकते. घाटात ब्रेक निकामी झाला असे आपण म्हणतो त्याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो. (चकतीच्या ब्रेकचे पेटंट इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ सालीच घेतले होते, पण १९५३ साली फ्रान्समधील ल मान्स येथील शर्यत असे ब्रेक लावलेल्या जॅग्वार गाडीने जिंकली, त्यानंतर जगाचे लक्ष तिकडे वेधले. बंद ड्रमाच्या मानाने उघडी चकती वाऱ्याने लवकर निवते, हाच तिचा गुण.)

चकती किती झिजू द्यावी हे मिस्त्रीच्या अंदाजावर सोडण्याचे कारण नाही. कमीत कमी जाडी किती असावी, याचा मिलिमीटरातील आकडा बहुधा चकतीच्या कडेवर किंवा मधल्या भागावर इंग्रजी अक्षरांसह कोरलेला असतो. तो गंजाने बुजला असेल तर कंपनीच्या पुस्तकात पाहावा. मोजणी मायक्रोमीटरने करावी. साध्या व्हर्निअरने मोजू गेल्यास चकतीच्या कडेला न झिजता उरलेल्या ओठावर त्याचे जबडे टेकतात आणि जाडी आहे त्याहून अधिक भरते. कडेपासून सुमारे एक सेंटिमीटर आत, फिरवून सहा-आठ ठिकाणी मोजावे आणि सर्वांत कमी आकडा खरा धरावा. हा आकडा, तारीख व गाडीचे किलोमीटर एका वहीत टिपून ठेवावेत. जमिनीची पीकपाहणी आपण हंगामाहंगामास नोंदवितो. गाडीची नोंद ठेवावयास तितका वेळही लागत नाही.

मोजमापाखेरीज डोळ्यांनी व कानांनीही पुष्कळ कळते. ब्रेक लावताच कर्कश किंचाळी येऊ लागली तर पॅड संपत आले. पॅडचा घासणारा थर तीन मिलिमीटरांवर येताच तो बदलावा. थर पूर्ण संपून पाठीचे लोखंड चकतीवर घासू लागले, तर चकतीवर नांगराच्या तासासारख्या खोल रेघा उठतात. ब्रेक लावताना स्टिअरिंग किंवा पेडल थरथरत असेल तर चकती वाकली असे सरसकट म्हटले जाते. बहुधा ती वाकलेली नसून तिची जाडी सर्वत्र सारखी राहिलेली नसते, आणि मिलिमीटराच्या शंभराव्या हिश्श्यांत मोजावा एवढा फरकही पायाला जाणवतो. निळसर डाग अतितापाची खूण होय. कडेपर्यंत गेलेली तडा दिसली तर मात्र त्या चकतीवर एकही खेप करू नये.

पावसाळ्यात रात्रीतून चढणारा तांबूस गंज दोन-चार वेळा ब्रेक लावताच निघून जातो, त्याची चिंता नको. परंतु दोन हंगामांच्या मध्ये गाडी महिना-महिना उघड्यावर उभी राहिली तर गंज खोल जातो. कोंबडखत किंवा पोटॅशची पोती वाहिल्यावर चाके आतून स्वच्छ पाण्याने धुवावीत, नंतर थोडे अंतर हलका ब्रेक लावीत चालवून ती कोरडी करावीत. ओढ्यातून गाडी काढल्यावरही असेच करावे.

आता एका अशा चालीविषयी लिहिणे भाग आहे, जी आपल्याकडे फार बोकाळली आहे. कांद्याच्या हंगामात अधिक माल भरता यावा म्हणून मागे जादा पाटे चढविण्यात येतात. ज्या गाड्यांत मागील ब्रेकचा दाब मालाच्या वजनाप्रमाणे कमी-अधिक करणारा व्हॉल्व्ह असतो, तो मागचा भाग किती दबला यावरून वजन ओळखतो. पाटे वाढविले म्हणजे गाडी दबत नाही, व्हॉल्व्हला ती रिकामीच वाटते आणि तो मागच्या चाकांचा दाब कमी ठेवतो. परिणामी दोन टन मालाची गाडी जवळजवळ पुढच्या दोन चकत्यांवर थांबवावी लागते. पाट्यांनी माल पेलला, ब्रेकने मात्र पेलला नाही. २०१९ च्या दुरुस्तीपासून जादा भाराचा दंड २०,००० रुपये व त्यावर प्रत्येक जादा टनास २,००० रुपये असा झाला आहे; पण दंड नसता तरीही ही चाल सोडण्यासारखीच आहे.

तशीच दुसरी चाल इंधन वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एका मालट्रकने चाळीसहून अधिक गाड्यांस ठोकरले, तेव्हा ब्रेक निकामी होण्याबरोबरच या सवयीचीही चर्चा झाली होती. गाडी गिअरमधून काढली की इंजिनाचा रोध नाहीसा होतो आणि सारा ताप चकत्यांवर येतो. इंजिनच बंद केले तर दोन-तीन वेळा पाय दिल्यावर पेडल दगडासारखे कठीण होते. घाट ज्या गिअरने चढावा त्याच गिअरने उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही खरा आहे.

चकती ठरीव जाडीखाली गेली तर लेथवर घासून ती पुन्हा वापरण्याचा मोह धरू नये. जाडी शिल्लक असेल तेव्हाच घासण्यास अर्थ आहे. बदलावयाची ती डाव्या-उजव्या चाकांची जोडीने, आणि नवे पॅडही बरोबरच. एकाच बाजूस नवी घातली तर गाडी ब्रेक लावताना एका अंगास ओढते.

काम गॅरेजात होवो वा घरच्या अंगणात, मालकाने शेजारी उभे राहून काही गोष्टी पाहाव्यात. गाडी सपाट व कठीण जागी उभी करून मागच्या चाकांना उटी लावावी. नट चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत, आणि नुसत्या जॅकवर विसंबून न राहता चॅसीखाली भक्कम घोडी द्यावी. ब्रेकची धूळ फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. काढलेला कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नये, तारेने बांधून ठेवावा. नळीच्या आतली इजा बाहेरून दिसत नाही. जेथे चकती व हब एकत्र बांधलेले असतात तेथे बेअरिंगही उतरावे लागते. ते जाणत्या हाताचे काम आहे.

सर्वांत अधिक दुर्लक्ष होते ते हबच्या तोंडाकडे. तेथील गंज तारेच्या ब्रशने घासून धातू चकचकीत करावा, कारण तेथे उरलेली गंजाची खपली नव्या चकतीस किंचित तिरपी बसविते आणि काही महिन्यांत थरथर पुन्हा सुरू होते. नव्या चकतीवर गंजू नये म्हणून तेलाचा थर दिलेला असतो. तो ब्रेक क्लीनरने अथवा साबणाच्या पाण्याने धुऊन चकती कोरडी करावी. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या साफ करून ब्रेकसाठीच मिळणारे ग्रीस लावावे. साध्या ग्रीसने रबर फुगते. नट समोरासमोरचे आलटून पालटून, कंपनीने सांगितलेल्या जोरानेच आवळावेत. गाडी हलविण्यापूर्वी पेडल कठीण लागेपर्यंत दाबावे. हे विसरल्यास पहिल्या वळणावर ब्रेकच नसतो.

ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषून घेते. कोरडे डॉट ३ तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शिरल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलावे, आणि इंजिनाचे तेल त्यात थेंबभरही जाऊ देऊ नये.

नव्या चकत्या व पॅड एकमेकांस बसावयास थोडा अवकाश द्यावा लागतो. मोकळ्या रस्त्यावर ५० च्या वेगावरून २० पर्यंत, पूर्ण न थांबता, मध्ये निवण्यास वेळ देत, वीसएक वेळा मध्यम ब्रेक लावावा. पहिले दोन-तीनशे किलोमीटर भारी माल भरून घाटात जाऊ नये. म्हणजे हे काम कांदा काढणीच्या आधी, हाती वेळ असताना उरकावयाचे. जुन्या चकत्या भंगारात द्यावयाच्या असतील तर घणाचा एक घाव घालून द्याव्यात. बीड सहज फुटते, आणि त्या पुन्हा कोणाच्या गाडीत चढत नाहीत.