शिडाच्या नौकेवरील शीतपेटी : उष्णतेचा व विजेचा हिशेब

कॅनरी बेटांतील लास पाल्मास बंदरातून निघून व्यापारी वाऱ्यांच्या साहाय्याने कॅरिबियन बेटे गाठणाऱ्या लहान शिडाच्या नौकेस सुमारे २,७०० सागरी मैल कापावे लागतात. या प्रवासास जवळजवळ तीन आठवडे लागतात. एवढा काळ मांस-मासळी उणे १८ अंश सेल्सिअसवर टिकवावयाची, तर शीतपेटी हवी. परंतु ज्या बॅटरीवर ही पेटी चालावयाची, तिच्यावरच नौकेचे दिवे, रेडिओ व स्वयंचलित सुकाणूही अवलंबून असतात. हिशेब चुकल्यास मासळी नासण्यापूर्वीच दिवे विझतात.

ग्राहक बहुधा प्रथम यंत्राची चौकशी करतो. वस्तुतः प्रथम पाहावयाची ती पेटीची भिंत. ८० लिटरची घनाकार पेटी घेतली, बाहेर ३२ अंश तापमान धरले व भिंतीत पॉलियुरेथेनचा फेस भरला, तर ५ सेंटिमीटर जाडीच्या भिंतीतून सुमारे ३४ वॅट, १० सेंटिमीटरच्या भिंतीतून २० वॅट व १५ सेंटिमीटरच्या भिंतीतून १६ वॅट उष्णता आत झिरपते. जाडी तिप्पट करूनही गळती निम्म्याहून फारशी खाली येत नाही, कारण जाडीबरोबर भिंतीचे बाह्य क्षेत्रफळही वाढते. १० सेंटिमीटरपुढे जाण्यापेक्षा फेसात ओल शिरू न देणे अधिक हिताचे. पाण्याची उष्णतावाहकता या फेसाच्या वीसपटीहून अधिक आहे.

झाकणाची उघडझाप व फटी धरून एकूण ३० वॅट मानू. बाष्पक उणे २३ अंशांवर व संघनक ४५ अंशांवर असता कार्नोच्या नियमाप्रमाणे आदर्श कार्यगुणांक ३.७ येतो, लहान कॉम्प्रेसरच्या पदरी त्याचा जेमतेम तृतीयांश, म्हणजे सुमारे १.२ पडतो. त्यामुळे सरासरी २५ वॅट, अर्थात दिवसाला ६०० वॅट-तास वीज लागते. १२ व्होल्टच्या बॅटरीतून हे ५० अँपिअर-तास होत. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, हे ध्यानात घेता दोन दिवसांच्या साठ्यासाठी २०० अँपिअर-तासांची बॅटरी केवळ शीतपेटीसाठी राखावी लागते.

यात ताज्या मासळीचा भार धरलेला नाही. ३० अंशांवरील एक किलो मासळी उणे १८ पर्यंत नेताना सुमारे ३९० किलोज्यूल उष्णता काढावी लागते, व तिचा मोठा भाग पाणी गोठण्याच्या टप्प्यातच जातो. गळाला लागलेला पाच किलोंचा मासा पेटीत टाकला की ४५० वॅट-तासांचा जादा खर्च आला. गोठलेले अन्न बंदरातूनच भरून घेणे म्हणूनच श्रेयस्कर.

ही वीज आणावयाची कोठून? डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेस, म्हणजे पश्चिमेकडे जाणाऱ्या नौकेच्या डाव्या अंगास असतो. त्या बाजूस शिडे पसरलेली असली, तर सौरपट्टीवर त्यांची छाया पडते. आणि घट एकसरीत जोडलेले असल्याने थोडक्या छायेनेही उत्पादन पुष्कळ घटते. पवनचक्कीची तर या मार्गावर निराशाच होते. १८ नॉटच्या वाऱ्यापुढे ६ नॉटने धावणाऱ्या नौकेवर भासणारा वारा १२ नॉटचाच असतो, आणि शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असल्याने ती तीस टक्क्यांवर येते. पाण्यात ओढले जाणारे जलजनित्र मात्र अशा वेगाला शंभर वॅटच्या आसपास शक्ती रात्रंदिवस देते. नांगर टाकताच ते थांबते, तेव्हा सौरपट्टीही लागतेच.

इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर व मिठाच्या द्रावणाने भरलेली शीतपट्टी ही जुनी योजना. २३.३ टक्के मिठाचे द्रावण उणे २१.१ अंशांवर गोठते व पुढे दिवसभर उष्णता शोषीत राहते. तीत बॅटरीवर भार नसतो; पण बंदरातही इंजिन रोज चालवावे लागते.

तारेची उपेक्षा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सामान्य. बॅटरीपासून पाच मीटरवरील पेटीस दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेने जोडले, तर ६ अँपिअर प्रवाहास जाता-येता ०.७ व्होल्टची घट होते; अर्धवट उतरलेल्या बॅटरीवर कॉम्प्रेसरचे रक्षक मंडल तेवढ्याने यंत्र बंद पाडते. सहा चौरस मिलिमीटरच्या तारेत ही घट ०.१७ व्होल्टवर येते.