पहिल्या वर्षाची चाळणी कोणासाठी?

महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते अमेरिकेतली गुलामी संपवण्यासाठी झटलेल्या लोकांना. तिथली गुलामी १८६५ मध्ये कायद्याने गेली. पण त्या माणसांच्या मुलांनी शिकायचं कुठे? बहुतेक महाविद्यालयांची दारं बंदच होती. म्हणून कृष्णवर्णीयांसाठी वेगळी महाविद्यालयं निघाली. वॉशिंग्टनचं हॉवर्ड विद्यापीठ १८६७ चं. १९६४ पूर्वी अशा हेतूने सुरू झालेल्या संस्थांना पुढे कायद्याने स्वतंत्र दर्जा दिला. आज त्या साधारण शंभर आहेत. अमेरिकेतल्या एकूण संस्थांच्या जेमतेम तीन टक्के. पण विज्ञान-अभियांत्रिकीतल्या कृष्णवर्णीय पदवीधरांमध्ये त्यांचा वाटा याच्या कितीतरी पट आहे. हे कसं काय जमतं?

न्यू ऑर्लीन्सचं झेवियर विद्यापीठ बघा. विद्यार्थी तीनेक हजार. तरीही पुढे डॉक्टर होणारे कृष्णवर्णीय पदवीधर घडवण्यात ते अनेक वर्षं देशात आघाडीवर आहे.

अमेरिकेत वैद्यकीय प्रवेश पदवीनंतर मिळतो, आणि त्यासाठी रसायनशास्त्र, जीवशास्त्र लागतं. अनेक विद्यापीठांत पहिल्या वर्षाचं रसायनशास्त्र म्हणजे चाळणी. जो टिकेल तो हुशार, बाकीचे गळाले. आता ज्या मुलाच्या शाळेत धड प्रयोगशाळाच नव्हती, तो पहिल्या परीक्षेत मागे पडणारच ना? मग ती परीक्षा त्याची कुवत मोजते की त्याची शाळा?

झेवियरच्या प्राध्यापकांनी, विशेषतः रसायनशास्त्राच्या जे. डब्ल्यू. कारमायकल यांनी, १९७० च्या दशकापासून हे उलट केलं. प्रवेशाआधीच्या सुट्टीत तयारीचे वर्ग. सगळ्या तुकड्यांना एकच अभ्यासक्रम, एकच सराव-पुस्तिका. वरचेवर छोट्या चाचण्या, म्हणजे कच्चं काय आहे ते वेळेत कळतं. आणि अभ्यास गटात. ज्याला समजलं त्याने दुसऱ्याला समजावायचं.

लक्षात घ्या, इथे पातळी खाली आणलेली नाही. परीक्षा तीच, वैद्यकीय प्रवेशाची स्पर्धाही तीच. बदललं ते शिकवणं. त्याची किंमत प्राध्यापकांनी मोजली : ‘माझा वर्ग, माझी पद्धत’ हे स्वातंत्र्य त्यांना थोडं सोडावं लागलं.

म्हणून सहभाग वाढवणं म्हणजे नुसत्या जागा आणि शिष्यवृत्त्या नव्हेत. त्या हव्यातच. पण आत आलेला मुलगा पहिल्याच वर्षी गळाला, तर दार उघडून काय साधलं? कुठल्याही महाविद्यालयाबद्दल विचारायचा प्रश्न हा, की नापास झालेल्यांचा आकडा ते शिक्षक अभिमानाने सांगतात, की काळजीने?